कासव, खडू आणि कुलपातला संगणक

१९८९ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा वाशीच्या एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत असे. वाशीला रेल्वे यायला अजून तीन वर्षे होती. मुंबईहून येणारे आम्ही शिक्षक खाडीपुलावरून बसने येत असू. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला एक खोली होती. तिच्या दाराबाहेर चपला काढाव्या लागत. खिडक्यांना जाड पडदे, जमिनीवर सतरंजी आणि टेबलांवर पांढऱ्या चादरीखाली झाकून ठेवलेले दोन संगणक. आठवड्यातून एक तास आठवीचा वर्ग तिथे जाई. एकेका संगणकाभोवती तीस-तीस मुले उभी राहत. कळफलकावर बोटे फक्त शिक्षकांची. पडद्यावर काही हलले की मुले "आ" करीत, आणि तेवढ्यात घंटा होई. खाली उतरताना मुलांच्या चेहऱ्यावर बारीतून दर्शन घेऊन आल्यासारखा भाव असे. जवळून पाहिले एवढेच समाधान. हात लावायचा प्रश्नच नव्हता.

त्याच वर्षी दूरदर्शनवर 'इंद्रधनुष' ही मालिका चालू होती. तिच्यात मुलेच संगणक जुळवतात आणि त्यातून भलत्याच करामती घडतात. त्याआधी 'जायंट रोबॉट' ही जपानी मालिका मुलांनी पाहिलेली होती. तिच्यात एक लहान मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलून अवाढव्य यंत्रमानवाला हुकूम सोडतो. म्हणजे दूरदर्शनवरच्या मुलांचे यंत्र ऐकत होते आणि आमच्या शाळेतल्या मुलांना यंत्रापुढे हात मागे बांधून उभे राहावे लागत होते. हा विरोध मला त्या वेळी जाणवला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

एके दिवशी जिना उतरताना एका मुलाने मला विचारले, "बाई, रोबोट आल्यावर आमचे अण्णा घरी बसणार का?" त्याचे वडील वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार होते. मी "नाही रे, असं काही होत नसतं" असे म्हणून पुढे गेले. मला उत्तर माहीत नव्हते. या लेखात त्या प्रश्नाकडे परत यायचे आहे, पण त्याआधी त्या कुलपातल्या पेटीची ओळख करून घेऊ या.

बत्तीस किलोबाइटची पेटी

आमच्याकडचा संगणक म्हणजे बीबीसी मायक्रो. ब्रिटनमध्ये बीबीसीने लोकांना संगणकाची ओळख करून देण्याचा एक मोठा उपक्रम आखला आणि त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीकडून हा संगणक बनवून घेतला. तो १९८१ च्या अखेरीस बाजारात आला. फिकट पिवळसर रंगाची, जरा मोठ्या टंकलेखन यंत्राएवढी पेटी. वरच्या ओळीत दहा लाल कळा. पडदा म्हणून दूरचित्रवाणी संच जोडायचा आणि आज्ञावली साठवायची ती गाण्यांच्या साध्या कॅसेटवर. कॅसेट लावली की किरकिर असा कर्कश आवाज येई, आणि मध्येच फीत अडकली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडे हा संगणक आला तो 'क्लास' या प्रकल्पातून. केंद्र सरकारचे शिक्षण मंत्रालय आणि इलेक्ट्रॉनिक्स विभाग यांनी मिळून १९८४ साली शाळांत संगणक-साक्षरता आणण्यासाठी तो सुरू केला. पहिल्या फेरीत देशातल्या सुमारे अडीचशे शाळा होत्या. पुढे हा आकडा दोन हजारांच्या वर गेला. चंदीगडजवळच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने ही यंत्रे परवाना घेऊन भारतात तयारही केली. ज्या काळात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून ठेवावे लागे, त्या काळातली ही धडाडी आहे. तिला नावे ठेवणे सोपे आहे, म्हणून आधी तिचे श्रेय तिला दिलेले बरे.

या पेटीची स्मृती होती ३२ किलोबाइट. हा आकडा किती लहान आहे ते असे पाहा. आजच्या पद्धतीने देवनागरी मजकूर साठवताना प्रत्येक अक्षरखुणेला तीन बाइट लागतात; 'कि' लिहायला 'क' चे तीन आणि वेलांटीचे तीन. त्या हिशोबाने तुम्ही वाचत असलेला हा लेखदेखील त्या स्मृतीत पुरता मावला नसता. त्यातच पडद्यावरचे चित्रही याच स्मृतीत ठेवावे लागे. चांगले, बारीक रेघांचे चित्र हवे असेल तर ३२ पैकी २० किलोबाइट एकट्या चित्रानेच अडत. संगणकाच्या स्वतःच्या कामाला थोडी जागा सोडली की आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती जेमतेम आठ-नऊ किलोबाइट उरत. एवढ्याशा जागेत भागवायचे म्हणून त्या काळचे आज्ञावलीकार एकेक अक्षर वाचवत. तालुक्याच्या गावाहून तार करताना आपण शब्द मोजत असू, तसेच.

आणि तरीही या पेटीचा एक मोठा गुण होता. चालू केली की दुसऱ्या क्षणी पडद्यावर एक छोटीशी रेघ लुकलुकू लागे आणि पेटी थांबून राही. चित्रे नाहीत, निवडायला यादी नाही. तुम्ही काही सांगितल्याखेरीज ती काहीच करत नसे. म्हणजे आज्ञा देण्यासाठीच ती बनवलेली होती. ज्याला हात लावायची परवानगी नव्हती त्या मुलाला मात्र हे कळायला मार्ग नव्हता.

नेमके इथेच घोडे अडले. प्रत्येक शाळेत दोन-चार यंत्रे, वर्गात साठ मुले, वेळापत्रकात संगणकाला पक्की जागा नाही. बरेचसे कार्यक्रम ब्रिटनच्या शाळांसाठी बनवलेले, इंग्रजी भाषेतले. यंत्र महाग, मोडले तर जबाबदारी कोणाची, ही मुख्याध्यापकांची रास्त चिंता. 'क्लास' प्रकल्पाचे पुढे मूल्यमापन झाले तेव्हा मुलांसाठी तो मुख्यतः बघण्याचाच कार्यक्रम ठरला, असा निष्कर्ष निघाला. तो वाचताना मला आमची सतरंजी आठवली.

वेठबिगार आणि कासव

आता यंत्रमानवाकडे वळू. 'रोबोट' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक याच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून जगभर गेला. नाटक प्रसिद्ध झाले १९२० साली आणि पुढच्या वर्षी प्रागमध्ये रंगभूमीवर आले. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योझेफने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळांना सक्तीने करावे लागणारे काम. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: वेठ. तेव्हा रोबोटचे खरे मराठी भाषांतर 'वेठबिगार' असे व्हायला हवे होते. आपण 'यंत्रमानव' म्हटले आणि त्यातल्या 'मानव' या शब्दाने थोडी फसगत केली. यंत्रमानव म्हटले की दोन हात, दोन पाय आणि पत्र्याचे डोके डोळ्यांपुढे येते. गंमत अशी की चापेकच्या नाटकातले रोबोट पत्र्याचे नाहीतच. ते कारखान्यात बनवलेल्या एका सजीवासारख्या द्रव्याचे आहेत. नाटकाच्या शेवटी ते माणसांविरुद्ध बंड करतात.

गोष्टीतल्या यंत्रमानवांची तेव्हापासून साधारण दोनच घराणी आहेत, गुलामाचे आणि बंडखोराचे. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीतला वामनदेखील माणसांच्या हाताबाहेर जाऊ पाहतो. आयझॅक असिमॉव्हने १९४२ साली एका कथेत यंत्रमानवांसाठी तीन नियम घालून दिले, तेही बंडाच्या धास्तीपोटीच.

शाळेच्या उपयोगाचे घराणे मात्र तिसरेच आहे आणि त्याचा मूळपुरुष एक कासव आहे.

ब्रिस्टल इथल्या एका मेंदूसंशोधन संस्थेत ग्रे वॉल्टर हे शास्त्रज्ञ काम करीत. १९४८-४९ च्या सुमारास त्यांनी तीन चाकांची, वर टोपीसारखे कवच असलेली दोन लहान यंत्रे बनवली. नावे एल्मर आणि एल्सी. प्रत्येकीत फक्त दोन निर्वात नळ्या, प्रकाश ओळखणारा एक डोळा आणि कवच कशाला धडकले तर कळवणारी एक कळ. एवढ्यावर ही यंत्रे खोलीभर फिरत, दिव्याकडे जात, फार जवळ गेल्यावर मागे फिरत, खुर्चीला धडकली तर वळसा घालत आणि विजेरी संपत आली की उजेडाच्या घरट्यात परतत. पाहणाऱ्याला वाटे, हे प्राणी काहीतरी शोधत आहेत. इतक्या थोड्या जोडण्यांतून एवढे गुंतागुंतीचे वागणे निर्माण होऊ शकते, हे वॉल्टर यांना दाखवायचे होते.

या कासवाचे नाव पुढे शाळेत आणले सेमोर पॅपर्ट यांनी. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणिती. जिनीव्हात ते काही वर्षे जाँ पियाजे यांच्याबरोबर होते. मूल ज्ञान ऐकून साठवत नाही, ते स्वतःच्या कृतीतून बांधते, हे पियाजे यांचे म्हणणे शिक्षकांना ठाऊक आहेच. पॅपर्ट पुढे अमेरिकेत गेले. तिथे १९६७ साली त्यांनी, वॅली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी सहकाऱ्यांसह मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. त्यानंतर लवकरच लोगोच्या आज्ञा पाळणारे जमिनीवरचे कासव बनले. दोन चाके, पारदर्शक घुमट आणि पोटाखाली पेन. 'पुढे ५०' म्हटले की पन्नास पावले पुढे, 'उजवीकडे ९०' म्हटले की जागच्या जागी काटकोनात वळायचे. जाईल तिथे पेनाची रेघ उमटत जाई. नंतर हेच कासव पडद्यावर एक लहानसा त्रिकोण होऊन आले आणि १९८० नंतरच्या घरगुती संगणकांतून जगभरच्या शाळांत पोचले.

पॅपर्ट यांच्या विचारातली कळीची गोष्ट ही की, इथे संगणक मुलाला शिकवत नाही. मूल संगणकाला शिकवते. कासवाला शब्दशः काहीच येत नाही. 'चौकोन काढ' म्हटले तर ते 'चौकोन म्हणजे काय ते मला माहीत नाही' असे कळवते. मग मुलाला चौकोन म्हणजे काय हे आधी स्वतःशी नीट सांगावे लागते.

संगणक बिघडला तेव्हा

आमच्या शाळेत पुढच्या पावसाळ्यात एका दुपारी वीज दोन-तीनदा आली-गेली आणि दोन्ही संगणकांचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला. दुरुस्ती लांबत गेली आणि खोलीला कुलूप लागले. माझ्याकडे लोगोची एक पुस्तिका होती, सुटीत वाचायला घेतलेली. संगणक नाही तर नाही, म्हणून मी आठवीच्या मुलांना व्हरांड्यात नेले. व्हरांड्याला फूटभर लांबीच्या शहाबादी फरश्या होत्या. एका मुलाला कासव केले, त्याच्या हातात खडू दिला. नियम दोनच. कासवाला फक्त 'पुढे अमुक फरश्या' आणि 'उजवीकडे अमुक अंश' एवढेच कळते. आणि कासवाने स्वतःचे डोके चालवायचे नाही. सांगितले तेवढेच करायचे.

दुसरा नियम पाळणे सर्वांत अवघड गेले. हुशार मुलगा कासव झाला की तो चूक सुधारून घेई आणि बाकीच्यांना आपली आज्ञा चुकली हे कळतच नसे. मग वर्गातला सर्वांत आज्ञाधारक मुलगा निवडावा लागला!

चौकोन पटकन जमला: पुढे ४, उजवीकडे ९०, हे चार वेळा. मग मी समभुज त्रिकोण सांगितला. सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "पुढे ४, उजवीकडे ६०, तीनदा." त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे त्यांना तोंडपाठ होते. कासव चालले. पुढे ४, किंचित वळले; पुढे ४, किंचित वळले; पुढे ४, वळले आणि उभे राहिले. त्रिकोण कुठेच नव्हता. अर्धा षट्कोन तयार झाला होता आणि कासव निघाले त्याच्या बरोबर उलट दिशेला तोंड करून उभे होते.

वर्गात एकच गोंधळ. कोणी म्हणाले कोन चुकीचा मोजला, कोणी कासवाला दोष दिला. शेवटी एक मुलगी पुढे आली आणि स्वतः त्रिकोणाच्या कडेने चालून पाहू लागली. कोपऱ्यावर येऊन ती थांबली आणि म्हणाली, "बाई, मी साठात वळत नाहीये. मी जवळजवळ मागेच फिरतेय."

तिने पाहिले ते असे. पुस्तकातला ६० अंशांचा कोन आकृतीच्या आतला आहे. चालणाऱ्याला मात्र सरळ पुढे जाण्याच्या दिशेपासून किती वळायचे ते हवे असते. तो बाहेरचा कोन, म्हणजे १८० वजा ६०, बरोबर १२०. चौकोनात आतला आणि बाहेरचा दोन्ही ९० असल्यामुळे ही चूक लपून राहिली होती. मी दहा वर्षे बाह्यकोनाचा धडा शिकवत होते आणि बाह्यकोन म्हणजे चालणाऱ्याचे वळण, हे मला त्या व्हरांड्यात समजले.

तिथून पुढे मुलांनीच मोजायला सुरुवात केली. चौकोनात एकूण वळण ४ × ९० = ३६०. त्रिकोणात ३ × १२० = ३६०. षट्कोनात ६ × ६० = ३६०. बंद आकृती पुरी करून कासव मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून आले की त्याने स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतलेली असते. आकृती वाकडीतिकडी असली तरी. मग वर्तुळ कसे काढायचे? 'थोडे पुढे, एक अंश वळ' हे ३६० वेळा. प्रत्यक्षात ती ३६० बाजूंची बहुभुजाकृती होते, पण डोळ्याला वर्तुळच दिसते. एरवी महाविद्यालयात भेटणारी ही कल्पना आठवीतली मुले चालून पाहत होती.

पाच टोकांच्या चांदणीने थोडा त्रास दिला. प्रत्येक टोकाला १४४ अंश वळावे लागते आणि ५ × १४४ होतात ७२०. नियम मोडला का? नाही. चांदणी काढताना कासव मध्याभोवती दोन फेऱ्या मारते, म्हणून दोन गिरक्या. ही गोष्ट फळ्यावर पटत नाही. चालून पाहिली की भोवळ येते आणि पटते.

खऱ्या कासवाची अडचण

पडद्यावरचे किंवा कल्पनेतले कासव अचूक असते. खऱ्या यंत्राचे तसे नसते, आणि रोबोटशास्त्राचा अवघड भाग तिथेच सुरू होतो. नववी-दहावीच्या मुलांना हे गणित आवडते, म्हणून थोडे सविस्तर देते.

जमिनीवरच्या कासवाची दोन चाके दोन स्वतंत्र मोटरींवर चालतात, असे समजा. या मोटरी टप्प्याटप्प्याने फिरतात. एका पूर्ण फेरीला २०० टप्पे ही नेहमीची जात. चाकाचा परीघ २० सेंटिमीटर असेल तर एका टप्प्याला एक मिलिमीटर अंतर जाते. सरळ जायचे तर दोन्ही चाके सारखी फिरवायची. जागीच वळायचे तर एक पुढे, एक मागे. दोन चाकांमधले अंतर १४ सेंटिमीटर असले तर चाके ज्या वर्तुळावर फिरतात त्याचा परीघ २२/७ धरून ४४ सेंटिमीटर. काटकोनात वळायला त्याचा चौथा हिस्सा, ११ सेंटिमीटर, म्हणजे ११० टप्पे.

आता चाके बसवताना थोडी चूक झाली आणि दोहोंतले अंतर १४ ऐवजी १४.७ सेंटिमीटर झाले, असे धरा. परीघ होतो ४६.२. तेवढ्याच ११० टप्प्यांत कासव वळते जेमतेम ८५.७ अंश. चार कोपऱ्यांनंतर सुमारे १७ अंशांची तूट! चौकोन बंद होत नाही, आणि आज्ञावलीत तर एकही चूक नाही. शिवाय फरशीवर धूळ असली की चाक घसरते, आणि ते घसरले हे कासवाला कळतच नाही. त्याला कळावे असे वाटत असेल तर जगाकडून काहीतरी परत ऐकावे लागते: एखादा डोळा, एखादी स्पर्शाची कळ. एल्मर आणि एल्सीजवळ तेच होते. आज्ञा आणि तिचा परिणाम यांत ताळमेळ घालण्याला अभियंते प्रतिसंभरण म्हणतात.

याचे आपल्या घराजवळचे उदाहरण हवे असेल तर खाडीपुलावरून मानखुर्दकडे जाताना डावीकडे पाहावे. तुर्भ्याचा डोंगर दिसतो. (नवी मुंबईतले तुर्भे वेगळे, हे खाडीपलीकडचे, इंग्रजीत ज्याला ट्रॉम्बे म्हणतात ते.) डोंगरापलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. किरणोत्सर्गी पदार्थ हाताळायचे तर माणसाने जवळ जाऊन चालत नाही. म्हणून जाड भिंतीआड बंद खोली, तिला शिसे मिसळलेल्या काचेची जाडजूड खिडकी आणि भिंतीतून आरपार गेलेले यांत्रिक हात. बाहेर माणूस मुठी हलवतो, आत चिमटे तशीच हालचाल करतात. वस्तू घट्ट पकडली गेली की तिचा विरोध बाहेरच्या हाताला जाणवतो, म्हणून काचेची नळीदेखील न फोडता उचलता येते. अशी साधने १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रथम बनली आणि भाभा केंद्राने ती स्वतः विकसित केली. त्यांना डोके नाही, चेहरा नाही, पण रोबोटांच्या कुळात त्यांचे स्थान वडीलधाऱ्याचे आहे.

अण्णांचे पोते

आता त्या मुलाचा प्रश्न. मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला हलले आणि त्यांच्याबरोबर हजारो माथाडी कामगारांची कुटुंबे कोपरखैरणे-घणसोली भागात आली. महाराष्ट्रात त्यांच्यासाठी १९६९ साली स्वतंत्र कायदा झाला, तो कामाची आणि मजुरीची शाश्वती देण्यासाठी. वेठ संपवण्यासाठी, असे म्हटले तरी चालेल. ज्याच्या वडिलांनी ही शाश्वती नुकती मिळवली होती, त्याला रोबोट नावाच्या फुकट्या वेठबिगाराची भीती वाटणे साहजिकच होते.

१९८९ साली कोणी विचारले असते की यंत्राला आधी काय जमेल, बुद्धिबळात जगज्जेत्याला हरवणे की पोते उचलून ट्रकवर चढवणे, तर बहुतेकांनी पोते म्हटले असते. झाले उलटे. १९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने गॅरी कास्पारॉव्हला सामन्यात हरवले. तागाचे भरलेले पोते मात्र यंत्राला आजही सहज पेलत नाही. कारण समजून घेण्यासारखे आहे. बुद्धिबळाचा पट चौसष्ट घरांचा, नियम ठरलेले, हत्ती कधी निम्म्या घरात उभा राहत नाही. पोते दर वेळी वेगळ्या आकाराने बसते. आतले तांदूळ सरकतात, वजनाचा मध्य हलतो. फळी ओली असते. माथाडी आकडा लावतो, पाठ वाकवतो, पोते मानेवर घेताना अर्धे पाऊल मागे सरकतो. हे सारे तो विचार न करता करतो. ते करायला त्याच्या शरीराला लहानपणापासूनचा सराव आहे, आणि त्याच्याही मागे लक्षावधी वर्षांची उत्क्रांती आहे. हान्स मोराव्हेक या रोबोटशास्त्रज्ञाने १९८८ साली नेमके हेच मांडले होते: माणसाला जे अवघड वाटते ते यंत्राला सोपे, आणि वर्षभराच्या बाळाला जे येते ते यंत्राला महाकठीण.

पण यामुळे उत्तर 'नाही रे' असे होत नाही. यंत्राला पोते पेलता येत नसेल तर माणसे पोतेच बदलतात. माल ठरावीक मापाच्या खोक्यांत येतो, खोकी लाकडी पाटांवर रचली जातात, पाटाखाली काटे घालून यंत्र ते उचलते, गुळगुळीत जमिनीवर चाकांची यंत्रे फडताळेच्या फडताळे हलवतात. मोठ्या गोदामांत गेल्या वीस वर्षांत हेच घडले. यंत्र हुशार होण्याची वाट न पाहता त्याला सोसेल असे जग त्याच्यासाठी घडवले गेले. त्या मुलाला मी तेव्हा हे सांगू शकले असते तर बरे झाले असते. त्याचा प्रश्न वेडगळ नव्हता, निम्म्या वाटेवर होता. रोबोट येणार का, यापेक्षा गोदामाची रचना कोण ठरवणार, हा त्याचा उरलेला भाग.

पुन्हा एकदा खोली

बीबीसी मायक्रोचे पुढे काय झाले? एकॉर्नच्या अभियंत्यांनी, त्यांत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर प्रमुख, स्वतःचा नवा प्रोसेसर आखला. त्याची पहिली चिप १९८५ साली चालली आणि तिची चाचणी बीबीसी मायक्रोलाच जोडून घेतली गेली. त्या घराण्याचे नाव 'आर्म'. आज जवळजवळ प्रत्येक मोबाइलमध्ये आर्म घराण्याचाच प्रोसेसर असतो. चपला काढून ज्याचे दर्शन घ्यावे लागे त्या पेटीचे नातवंड आता प्रत्येक पालकाच्या खिशात आहे. लोगोचा वंशही चालू आहे. २००७ साली आलेली 'स्क्रॅच' ही मुलांची भाषा त्याच परंपरेतली, आणि पायथन या भाषेत तर कासव नावानिशी हजर आहे.

नवी मुंबईच्या अनेक शाळांत आता रोबोटिक्सची खोली असते. २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणात माध्यमिकपूर्व इयत्तांपासून आज्ञावली लिहायला शिकवावे असे म्हटले आहे. मी निवृत्तीनंतर अशा दोन-तीन खोल्या पाहिल्या. सतरंजी गेली आहे, वातानुकूलन आले आहे. एका ठिकाणी तयार गाडीवर कळ दाबायची आणि ती काळ्या रेघेवरून धावते ते पाहायचे, असा तास चालू होता. मुले "आ" करीत होती. दुसऱ्या ठिकाणी साधन तेच, पण शिक्षिकेने गाडीचे एक चाक मुद्दाम सैल करून ठेवले होते आणि गाडी का भरकटते ते शोधायला सांगितले होते. दोन मुली गाडी उलटी करून चाकाचा परीघ दोरीने मोजत होत्या. खोली पाहायला जाल तेव्हा यंत्राची किंमत विचारू नका. कळफलक कोणाच्या हाताखाली आहे आणि मोडले तर कोणाला रागावतात, एवढे पाहा.

ज्यांच्या शाळेत असली खोली नाही त्यांना फरशी आणि खडू पुरतात. पाच टोकांच्या चांदणीनंतर मुलांना सात टोकांची द्या. तीन गिरक्यांची चांदणी घेतली तर वळण येते १०८० भागिले ७, म्हणजे १५४ पूर्णांक २ सप्तमांश. कोनमापकावर २ सप्तमांश दिसत नाही, म्हणून मुले १५४ घेतील. सातव्या टोकाला चांदणी किंचित उघडी राहील. २ अंशांची तूट. त्यांना तिथे थांबवू नका. त्याच आज्ञेने पुढे चालत राहिले तर कासव कधी मूळ दिशेला येईल, ते आधी वहीत काढायला लावा. १५४ आणि ३६० यांचा मसावि २ आहे. उत्तर १८० टोकांनंतर. संगणक असेल तर ती चांदणी काढून पाहा. व्हरांड्यात मात्र कासव झालेल्या मुलाला तेवढे फिरवू नका.